नदी धरून चाला: बोरीवलीच्या नॅशनल पार्कातल्या छोट्या वाटा

ज्यांनी कळसूबाई दोनदा केलंय, हरिश्चंद्रगडावर मुक्काम केलाय असे निदान पाच लोक आमच्या बिल्डिंगमध्ये आहेत, एक जण तर हिमालयात जाऊन आलाय. पण घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर असलेल्या संजय गांधी नॅशनल पार्कात ही मंडळी शेवटची गेली ती शाळेच्या पिकनिकला. विचारलं की उत्तर ठरलेलं, "तिथे काय आहे गं, सिंह बघायचा आणि घरी यायचं."

मी गेली बारा वर्षं महिन्यातून एकदा तरी जाते. कधी एकटी, कधी आईला घेऊन (वय सहासष्ट, डावा गुडघा रुसलेला), कधी नऊ वर्षांच्या भाचीला घेऊन. ट्रेक वगैरे म्हणायचं नाही त्याला, दोन ते पाच किलोमीटरच्या वाटा, बऱ्याचशा पाण्याच्या बाजूबाजूने जाणाऱ्या. दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतं की जायचं कसं, परमिशन लागते का, मुलं नेऊ का, बिबट्या येतो का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते.

आधी नदी समजून घ्या

दहिसर नदी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काळा नाला येतो, पुलावरून जाताना नाक दाबायचं ते. पण हीच नदी तुळशी तलावाच्या बाजूच्या डोंगरात उगवते, पार्कातून वाहत गेटपाशी येते आणि मग बोरीवली-दहिसर ओलांडून मनोरीच्या खाडीला मिळते. सगळी मिळून जेमतेम बारा किलोमीटर. मुंबईच्या चारही नद्या, दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी, ह्याच डोंगरांमधून निघतात. पार्कच्या आत नदीच्या तळाचे दगड मोजता येतील इतकं पाणी स्वच्छ असतं, आणि गेटबाहेर पडल्यावर तबेल्यांचं शेण, गटाराचं पाणी, प्लास्टिक मिळून तिचं काय होतं ते आपण रोज बघतोच. २६ जुलै २००५ ला हीच नदी घराघरात शिरली होती, आमच्या तळमजल्यावरच्या काकूंच्या कपाटावर त्या पाण्याची रेघ पुढची कितीतरी वर्षं दिसायची.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे पार्कात रस्ता चुकण्याचं टेन्शन असेल तर पाण्याचा उतार लक्षात ठेवा. मोठा प्रवाह डाव्या हाताला होता की उजव्या, आपण वर जातोय की खाली, एवढं भान असलं की मोबाइलला रेंज नसली तरी दिशा हरवत नाही. आणि रेंज नसतेच बऱ्याच ठिकाणी.

वाट कुठली निवडायची

पहिल्यांदाच जात असाल तर गेटपासून आत जाणारा मुख्य डांबरी रस्ता आणि नदीकाठचा भाग एवढंच करा. हसू नका, सकाळी लवकर ह्या रस्त्यावर जे पक्षी दिसतात ते पुढे जंगलात घुसून पण दिसत नाहीत, कारण नदीमुळे झाडोरा दाट आहे आणि उजेडही चांगला मिळतो. जोडीला गांधी टेकडी घ्या, छोटीशी चढण आहे, वर स्मारकाचा मंडप आहे आणि तिथून एकीकडे पार जंगल तर दुसरीकडे बोरीवलीच्या टॉवरांचं जंगल दिसतं. सगळं मिळून दीड-दोन तास. ह्याला वेगळी परमिशन लागत नाही, गेटचं तिकीट पुरे. आईला मी हेच करायला नेते.

दुसरी म्हणजे कान्हेरी, डोंगरात कोरलेली जुनी बौद्ध लेणी. गेटपासून सहा-सात किलोमीटर आत आहे, जायला गाड्या मिळतात. चालत जायचं असेल तर जाऊन येऊन बारा-चौदा किलोमीटर होतात हे आधी डोक्यात घ्या, लोक उत्साहात जातात चालत आणि परत येताना रस्त्याच्या कडेला बसून कोणाची गाडी येतेय का बघत बसतात. माझा सल्ला, जाताना गाडी, वर लेण्यांमधून फिरायचं, आणि उतारावर वाटलं तर थोडं चालायचं. कान्हेरीला पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

कान्हेरीला लोक तीन नंबरचं चैत्यगृह (बौद्ध प्रार्थनेचं मोठं दालन) बघतात, फोटो काढतात आणि खाली उतरतात. तुम्ही वर जा. दोन डोंगरांच्या मधून एक ओढा वाहतो, पावसाळ्यात त्याचा धबधबा होतो, आणि त्याच्या दोन्ही अंगाला शंभरच्या वर लेणी खोदलेली आहेत, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षं काम चाललेलं. प्रत्येक लेण्याच्या दाराशी बाजूला बघा, खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं दिसेल. ब्राह्मी शिलालेखांमध्ये त्याला पोढी म्हटलंय. वरच्या कातळावर बोटभर रुंद पन्हळी कोरलेल्या आहेत, पावसाचं पाणी त्यातून टाक्यात उतरायचं. मी पहिल्यांदा पन्हळीत बाटलीतलं थोडं पाणी ओतून बघितलं तर ते आजही बरोबर टाक्याकडेच गेलं! नळाला पाणी नाही म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर भांडणाऱ्या आपल्यासारख्यांनी जरूर बघावं असं आहे. टाक्यात पाय घालून बसू नका, खोल असतात, काठ निसरडे असतात.

तिसरी शिलोंढा. ही खरी पायवाट, ओढ्याच्या संगतीने जाणारी, मधेमधे पाणी ओलांडायला लागतं आणि शेवटी सपाट कातळावरून पसरट वाहणारं पाणी येतं. फुलपाखरांसाठी प्रसिद्ध आहे. पण इथे आपलं आपण घुसायचं नाही, वनखात्याची परमिशन आणि सोबत गाइड हवा. पार्कातल्या निसर्ग माहिती केंद्रातर्फे ट्रेल्स होतात, तिथे विचारून नाव नोंदवायचं. जांभुळमाळ हा पार्कातला सगळ्यात उंच भाग, ४६८ मीटर, तिथे जाणारी वाट पण अशीच परमिशनवाली, पण ती ह्या लेखात घेत नाही कारण चढण आहे आणि नदी सुटते. वसईच्या खाडीपलीकडे नागला म्हणून पार्कचा वेगळाच तुकडा आहे, ससूनवघरकडून जातात, तिथे जंगल थेट खाडीच्या पाण्याशी जाऊन थांबतं. एकदा तरी करा, पण आधी शिलोंढा.

तुळशी आणि विहार तलावांकडे जायची हौस धरू नका. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, दोन्ही अजून मुंबईला पाणी देतात आणि तिकडे आपल्यासारख्यांना प्रवेश नाही. शिवाय मगरी आहेत. कान्हेरीच्या माथ्यावरून हवा स्वच्छ असेल तर लांबून दिसतात, तेवढं पुरे.

कधी जायचं

सगळ्यांना पावसाळ्यातच जायचं असतं. मला विचाराल तर पहिल्यांदा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जा. वाट कोरडी असते, ओढ्यांना पाणी पण असतं आणि ऊन लागत नाही. पावसाळ्याआधी एकदा कोरड्यात वाट पायाखालून गेलेली असली की पुढच्या जुलैमध्ये कुठला दगड डुगडुगतो ते आठवतं, गंमत नाही.

जूनच्या सुरुवातीला पहिल्या सरींबरोबर नवरंग पक्षी येतो, नुसता आवाज येतो दोन सुरांचा, दिसायला नशीब लागतं. रस्त्यावर खेकडे फिरायला लागतात, पायाखाली बघून चाला. जुलै-ऑगस्टमध्ये नदी फॉर्मात असते आणि जोराचा पाऊस असेल तर ओढ्याकडच्या वाटा बंद ठेवतात, तेव्हा गेटवर वाद घालू नका, त्यांचं बरोबर असतं. सप्टेंबर-ऑक्टोबर हा माझा लाडका काळ, फुलपाखरं, रानफुलं, आणि वाटेवर आडवी लावलेली जायंट वूड स्पायडरची जाळी, तळहाताएवढी मादी मधोमध बसलेली. पुढे चालणाऱ्याने काठी चेहऱ्यासमोर उभी धरायची म्हणजे जाळं तोंडावर येत नाही, आणि दिसलं तर तोडायचं नाही, वाकून जायचं. ब्लू मॉरमॉन ह्याच दिवसांत मनसोक्त दिसतं, काळं मखमली, पंखांवर निळे पट्टे, २०१५ मध्ये ते आपलं राज्य फुलपाखरू झालं. भाचीला हे सांगितल्यापासून ती प्रत्येक काळ्या फुलपाखराला "सरकारी" म्हणते.

कारवीबद्दल दर वर्षी कोणीतरी विचारतं, "ह्या वर्षी फुलणार का?" आठ वर्षांनी एकदा फुलते. इथे २०१६ ला फुलली होती, मग २०२४ ला, म्हणजे आता २०३२. मधल्या वर्षात एखादं चुकार झुडूप फुलतं पण डोंगर जांभळा होतो तो तेव्हाच.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते आणि लोकांना वाटतं जंगल मेलं. उलट तेव्हाच लांबचं दिसतं. पळस, पांगारा, काटेसावर फुललेले, त्यावर पक्ष्यांची नुसती मारामारी, आणि नदीत जिथे डबकं शिल्लक असेल तिथे सगळे पाणी प्यायला येतात. अशा एखाद्या डबक्यापासून वीसेक पावलं लांब, सावलीत, अर्धा तास गप्प बसून बघा. मी असं बसून एका सकाळी स्वर्गीय नर्तकाच्या नराला नऊ वेळा पाण्यात सूर मारताना बघितलंय, ती पांढरी रिबन शेपटी भिजली की कशी जड होते आणि तो कसा फांदीवर बसून ती झटकतो ते. एप्रिल-मे मात्र सकाळी नऊपर्यंत परत फिरा.

आदल्या दिवशी

सोमवारी पार्क बंद असतं हे लिहून ठेवा, मी स्वतः एकदा पाहुण्यांना घेऊन बंद गेटसमोर उभी राहिलेय आणि वर त्यांनाच "तुम्ही आधी फोन करायचा ना" म्हणून ऐकवलंय. वेळा आणि तिकिटाचे दर बदलत असतात, आदल्या दिवशी बघून घ्या. बोरीवली स्टेशनला ईस्टला उतरलात की पंधरा-वीस मिनिटं चालत किंवा रिक्षाने, हायवेला लागूनच मेन गेट. रविवारी नऊनंतर गेटवर जत्रा असते. उघडल्या उघडल्या आत जायचं.

शूज. ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण निम्मे अपघात पायात घातलेल्या वस्तूमुळे होतात. महागडे ट्रेकिंग शूज अजिबात लागत नाहीत. पण तुमचे ते मॉर्निंग वॉकचे गुळगुळीत झालेले स्पोर्ट्स शूज, ते शेवाळावर साबणासारखे जातात. तळवा उलटा करून नखाने खाचा बघा, नख अडकत नसेल तर ते शूज भाजी आणायला ठेवा. खोल खाचांचे, रबर मऊ असलेले साधे शूज चालतात. फ्लोटर्स पाण्यात बरे वाटतात पण बोटांना काटे लागतात आणि खडा आत गेला की दर दहा पावलांवर थांबायला लागतं. मोजे जाड घ्या, एक जोडी जास्तीची प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. ओल्या मोज्यात दोन तास चाललात की टाचेला फोड आलाच.

कपडे पूर्ण बाह्यांचे, पायघोळ पण सुटसुटीत, रंग मातकट किंवा हिरवट. जीन्स नको, भिजली की दोन किलोची होते. परफ्यूम, भडक डीओ नको, मधमाश्यांना आवडत नाही आणि इथे आग्या मोहळं आहेत. पाणी माणशी दीड लिटर. खायला काही असेल तर डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, गेटवर प्लास्टिक तपासतात आणि ते काढायला लावलं तर गोष्टी हातात धरून फिरायला लागतं. काठी एक प्रत्येकाकडे, साधी जुनी छत्रीची दांडी पण चालते. शिट्टी, कापडी टेप, बँडेज, ओआरएसचं पाकीट, रोजची औषधं. आणि सॅकच्या चेनला एक छोटं कडीवालं क्लिप.

क्लिप का, तर माकडं. एकदा कान्हेरीच्या पायऱ्यांवर मी पाठ करून बसले होते आणि सॅक शेजारी. चेन उघडल्याचा आवाज आला म्हणून वळले तर एक माकडीण अगदी सावकाश, जशी आपली आजी बटवा उघडते तशी सॅक उघडून थालीपिठाची फॉइल बाहेर काढत होती. फॉइल सोलली, वास घेतला, दोन खाल्ली. मग मच्छरांच्या क्रीमची ट्यूब काढून चावली, थुंकली आणि माझ्याकडे अशी बघितली की मीच काहीतरी चुकीचं पॅक केलं होतं. क्लिप लावलेली असती तर तिचा वेळ गेला असता आणि माझं थालीपीठ वाचलं असतं. त्यांच्याशी खेचाखेची करू नका, दात दाखवून हसू नका (त्यांच्यात ते हसणं नसतं), आणि पाठ फिरवून पळू पण नका. आणि स्वतःहून काही खायला घालू नका, एकाने घातलेल्या वेफरची शिक्षा मागून येणाऱ्या पोरांना होते.

प्रत्यक्ष चालताना

पहिली पंधरा मिनिटं मुद्दाम हळू. शहरातून आलेलं माणूस शहराच्याच स्पीडने चालतं, तो स्पीड उतरायला वेळ लागतो. रस्त्यावर आपण तासाला चार-पाच किलोमीटर जातो, इथे पोरं बरोबर असली की तासाला दोन धरा, त्याच हिशोबाने परतीची वेळ ठरवा. म्हणजे दोन तास आत गेलात तर यायला दोन लागतील, त्यात अर्धा तास जास्त ठेवा. ठरलेल्या वेळेला जिथे असाल तिथून मागे फिरायचं, "त्या वळणापलीकडे बघू फक्त" ह्या वाक्याने अंधार होतो.

ग्रुपमध्ये सगळ्यात हळू चालणारा पुढे. आमच्याकडे आई पुढे असते. सुरुवातीला मी तिचा हात धरून ठेवायचे तर एकदा ओढ्यात थांबून म्हणाली, "अगं सोड मला, मी पडले तर एकटी पडेन, तुला धरलं तर दोघी पडू." बरोबरच होतं तिचं. वयस्कर माणसाला हात देण्यापेक्षा दोन काठ्या द्या, चढताना आखूड धरायच्या, उतरताना लांब. गुडघ्याला उतारच त्रास देतो, चढ नाही. उतारावर पावलं छोटी आणि जरा तिरकी टाकायची, सरळ धाडधाड नाही.

पाणी ओलांडण्याबद्दल. एक, घोट्याच्या वर पाणी असेल आणि तळ दिसत नसेल तर ओलांडायचंच नाही, मग पलीकडे कितीही छान असो. दोन, सॅकचा छातीचा आणि कमरेचा पट्टा सोडून मग पाण्यात उतरायचं, पडलात तर सॅक सोडता आली पाहिजे. तीन, दगडावरून दगडावर उड्या मारायच्या नाहीत, सिनेमात चालतं. दगडांच्या मधल्या वाळूत, गोट्यांमध्ये पाय ठेवायचा. काळे तुकतुकीत आणि हिरवे दगड म्हणजे घसरण, खरखरीत करडे त्यातल्या त्यात बरे. चार, तोंड प्रवाहाकडे, काठी वरच्या बाजूला टेकलेली, आणि काठी व दोन पाय ह्यातलं एका वेळी एकच हलवायचं. शूज काढायचे नाहीत, काच असते आणि दगडाच्या कडा पण धारदार असतात. पायाला जखम असेल तर पावसाळ्यात पाण्यात उतरूच नका, लेप्टो (दूषित पाण्यातून होणारा ताप) ही काही लांबची गोष्ट नाही मुंबईत.

आणि वरच्या पावसाकडे लक्ष ठेवा, डोक्यावरच्या नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये एका ग्रुपबरोबर ओढ्याशी बसलो होतो, आमच्यावर चक्क ऊन होतं, कान्हेरीकडे मात्र काळं झालं होतं. भाची एका पसरट दगडावर पाय सोडून बसलेली. आमचा गाइड दादा, इथल्याच पाड्यावरचा, बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, "ताई, पाण्याचा रंग बघा." मला काही दिसेना. पाणी स्वच्छच होतं, म्हणजे मगाशी काचेसारखं होतं ते आता चहात दोन थेंब दूध पडावं तसं झालं होतं, एवढंच. मग एक पान आलं वाहत, मग तीन-चार, मग काटक्या. दादा म्हणाला, "उठा, वर चला सगळे, डबे नंतर भरा." भाची कुरकुरली, "मावशी पाच मिनिटं ना," तिला उचलूनच वर आणलं. काठावर चढून डबे बंद करेपर्यंत पाण्याचा आवाज बदलला, खळखळ होती तिची घरघर झाली, आणि ती बसली होती तो दगड दिसेनासा झाला. दहा मिनिटं पण झाली नसतील. त्या दिवशी शिकलेलं तसंच्या तसं सांगते: पाणी गढूळ व्हायला लागलं, पानं-काटक्या एकदम जास्त आल्या किंवा आवाज जड झाला, की सामान सोडा आणि उंचावर चढा. पलीकडच्या काठावर अडकलात तर ओलांडायचा प्रयत्न करू नका, थांबा. हे छोटे ओढे जितक्या लवकर चढतात तितक्याच लवकर उतरतात, दोन तास भिजत बसायला लागलं तर बसा.

बिबट्याचं काय

आहेत. पार्क १०४ चौरस किलोमीटरचं, आणि २०१८ च्या कॅमेरा ट्रॅपच्या अभ्यासात पार्क आणि आजूबाजूचा भाग मिळून ४७ बिबटे मोजले होते. बारा वर्षांत मला समोरासमोर एकदाही दिसलेला नाही. ठसे मात्र खूपदा. नदीकाठच्या ओल्या वाळूत शोधायचे. चार बोटं आणि मागे तीन भागांची गादी, नखांचे ठसे नसतील तर मांजरकुळ, नखं उमटली असतील तर बहुतेक कुत्रा. माणसाच्या ठशावर तो ठसा पडलेला असेल तर तुमच्या आधी आलेल्या माणसाच्या मागून तो गेलाय, एवढं कळलं की अंगावर काटा येतो आणि चालणं आपोआप शांत होतं.

वानर अचानक खोकल्यासारखं ओरडायला लागले, चितळ एकाच दिशेला बघून शेपटी उंच करून ओरडायला लागलं, तर थांबायचं. मुलांना मधे घ्यायचं, एकत्र उभं राहायचं, साध्या आवाजात बोलत राहायचं आणि आलात त्या दिशेने सावकाश मागे सरकायचं. वाकायचं नाही, पळायचं नाही, मोबाइल काढून पुढे जायचं तर मुळीच नाही. एकट्याने पहाटे अंधारात किंवा संध्याकाळी उशिरा आडवाटेला जायचं नाही. झुडपाआड बसायची वेळ आली (येते, सगळ्यांना येते) तर एकटं लांब जाऊ नका, कोणीतरी वाटेवर बोलत उभं राहू दे. पाड्यांवरचे वारली लोक वाघोबाला मानतात, वाटेत कुठे शेंदूर लावलेला दगड किंवा लाकडावर कोरलेला वाघ दिसला तर तिथे सेल्फी काढत बसू नका, ते त्यांचं देऊळ आहे.

मला खरं सांगायचं तर बिबट्यापेक्षा सापाची काळजी जास्त वाटते. घोणस, फुरसं, नाग, मण्यार सगळे आहेत. दगडाच्या फटीत हात घालायचा नाही, पाचोळ्यात पाय टाकण्याआधी काठी आपटायची, ओंडका ओलांडताना आधी ओंडक्यावर पाय, मग पलीकडे बघून खाली. चावलाच तर दोरी बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका. चावलेला हात-पाय हलवायचा नाही, अंगठी-कडं काढायचं, माणसाला चालवायचं नाही आणि १०८ ला फोन, रेंज नसेल तर एकाने गाइडबरोबर रेंजमध्ये जायचं. वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

खाजकुयली हा आणखी एक शत्रू, पावसाळा संपला की वेलीवर सोनेरी-तपकिरी मखमली शेंगा लटकतात. हात लावावासाच वाटतो. लागली की चोळू नका, कापडी टेप चिकटवून ओढून काढा, म्हणून ती टेप सॅकमध्ये सांगितली. मग भरपूर पाण्याने धुवा.

झाडांमध्ये मुलांना एक दाखवाच, कांडोळ. पांढरंफटक खोड, साल कागदासारखी सुटणारी, पानगळीत तर संध्याकाळी भुतासारखं उभं असतं. आणि नदीकाठी उंबर, करंज. उंबराखाली खाली पडलेली फळं कोणी खाल्लीत, अर्धी की अख्खी, ते बघत बसलं की अर्धा तास जातो.

परत येताना रस्त्याच्या कडेला पाड्यावरच्या बायका बसलेल्या असतात, हंगामाप्रमाणे करवंदं, जांभळं, ताडगोळे, तिखटमीठ लावलेली कैरी. सुटे पैसे ठेवा. घासाघीस करू नका हो, तीस रुपयांच्या करवंदांसाठी कोणी सकाळी चारला उठून काटे खाल्लेले असतात.

घरी आल्यावर

दारातच कपडे उलटे करून झटका, सरळ बादलीत. गोचीड बघायची जागा म्हणजे गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली, काखेत, कानामागे, आणि मुलांच्या केसात. चिकटलेली दिसली तर तेल, रॉकेल, काडी लावणं हे उद्योग नकोत, चिमट्याने कातडीला टेकून धरून सरळ वर ओढायची आणि जागा साबणाने धुवायची. नंतर आठ-पंधरा दिवसात ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे आवर्जून सांगा, नाहीतर ते आपले व्हायरल म्हणून गोळ्या देतात.

शूज उन्हात तापवायचे नाहीत, सोल सुटतो. चिखल ओला असतानाच ब्रशने काढा, आतलं सोल बाहेर काढून ठेवा आणि शूजमध्ये जुन्या पेपरचे बोळे घट्ट भरून पंख्याखाली. तीन-चार तासांनी बोळे बदलायचे. आमच्याकडे हे काम भाचीचं आहे, ती प्रत्येक बोळा दाबून बघते आणि ओरडून सांगते, "मावशी, अजून नदी आहे ह्यात."